बाजारात न खपणारा माणूस



या वेळच्या हदीस-पाठासाठी एक लहानसा प्रसंग निवडला आहे. इमाम तिर्मिजी (रह.) यांनी तो ‘शमाइल’ या ग्रंथात, प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या विनोदाविषयीच्या प्रकरणात नोंदवला असून हजरत अनस बिन मालिक (रजि.) त्याचे निवेदक आहेत. जाहिर (रजि.) नावाचे एक सहाबी वाळवंटी मुलखात राहत. मदिनेला येताना ते तिकडची काहीबाही वस्तू प्रेषितांसाठी भेट म्हणून आणत आणि परत निघाले की प्रेषित (स.) त्यांना वाटेचे सामान देऊन निरोप देत. जाहिर म्हणजे आमचे खेडे आणि आम्ही त्याचे शहर, अशा आशयाचे कौतुकाचे बोल प्रेषितांनी त्यांच्याविषयी काढले होते. निवेदक पुढे दोन गोष्टी एकापाठोपाठ सांगतात : प्रेषितांचे त्यांच्यावर प्रेम होते, आणि ते दिसायला कुरूप होते.

एके दिवशी जाहिर (रजि.) बाजारात आपला माल विकत उभे होते. प्रेषित (स.) मागून आले आणि त्यांना दिसणार नाही अशा रीतीने त्यांना कवेत घेतले. कोण आहे, सोडा मला, असे म्हणत त्यांनी मान वळवली. कोण आहे हे कळताच सुटण्याची धडपड थांबली आणि आपली पाठ प्रेषितांच्या छातीला अधिकच भिडवून ते उभे राहिले. प्रेषित (स.) लोकांना विचारू लागले, की या गुलामाला कोण विकत घेतो? (प्रेषितांच्या विनोदातही असत्य नसे, हे उलमा येथे आवर्जून सांगतात, प्रत्येक माणूस अल्लाहचा गुलाम आहेच.) त्यावर जाहिर (रजि.) म्हणाले, की तसे केले तर मी तुम्हाला न खपणारा मालच वाटेन. प्रेषितांनी उत्तर दिले, की अल्लाहकडे मात्र तू न खपणारा नाहीस.

मूळ अरबी शब्द ‘कासिद’ असा आहे. ज्याला गिऱ्हाईक नाही, जो दुकानात पडून राहिला, असा माल म्हणजे कासिद. पवित्र कुरआनमध्ये सूरह तौबाच्या २४ व्या आयतीत याच धातूपासून झालेला शब्द व्यापारातील मंदीसाठी आला आहे. मदरशात ही हदीस आम्ही शिकलो तेव्हा उस्तादांनी धातू सांगितला, व्याकरण सांगितले आणि आम्ही पुढे गेलो. बाजारातल्या त्या माणसाने स्वतःसाठी नेमका हाच शब्द का निवडला, हा प्रश्न तेव्हा मला पडला नाही. त्या दिवशी त्याला कोणीही कुरूप म्हटले नव्हते. एक प्रेमाची थट्टा चालली होती. तरीही आपले मोल काय, याचा विचार मनात येताच त्याच्या तोंडून गिऱ्हाइकाची भाषा निघाली. ती त्याच्याजवळ आधीपासून होती. लोकांच्या नजरांनी ती त्याला शिकवली असणार.

या प्रश्नाकडे मला एका मुलाने वळवले. त्याची गोष्ट त्याच्या परवानगीने, ओळख पटणार नाही एवढे बदल करून सांगतो.

तो लहानपणी आमच्या मक्तबमध्ये कायदा शिकायला येत असे. आता विशीत आहे. गेल्या उन्हाळ्यात त्याच्या आईने माझ्या घरी येऊन माझ्या पत्नीजवळ मन मोकळे केले. मुलगा घरात कोणाबरोबर जेवत नाही, तुळजापूरच्या उन्हातही पूर्ण बाह्यांचा सदरा काढत नाही, बहिणीच्या लग्नातील एकाही फोटोत उभा राहिला नाही, आणि कपाटात इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्या सापडल्या. मला एवढेच ठाऊक होते, की तो नमाजला येतो, पण मशिदीतील नळावर कधी बसत नाही. घरूनच वुजू करून येतो. मी ते चांगले लक्षण समजत होतो. वुजूसाठी कोपरापर्यंत बाह्या वर कराव्या लागतात आणि चारचौघांत आपले दंड दिसतात, म्हणून तो घरून वुजू करून येत होता, हे मला त्या दिवशी कळले.

मी त्याला असरनंतर थांबवून घेतले. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग त्याने मोबाइल काढून स्वतःचे इन्स्टाग्रामचे खाते दाखवले. फोटोतील तरुणाचे दंड आणि छाती भरलेली होती. चेहरा तेवढा त्याचा होता. एका अॅपमध्ये बोट फिरवले की दंड फुगतात, कंबर आवळली जाते. दोन वर्षे तो त्या फोटोतील माणसासारखे होण्याचा प्रयत्न करीत होता. आधी पावडर, मग व्यायामाला येणाऱ्या कोणा ओळखीच्याने दिलेली इंजेक्शने. मी नसीहत सुरू केली, अल्लाहने दिलेल्या शरीराची अमानत वगैरे. त्याने ऐकून घेतले आणि शांतपणे म्हणाला, “हाफिजसाब, नाव तर तुम्हीच ठेवलं होतं.”

वाचकहो, ते खरे होते. तो आठ-नऊ वर्षांचा असताना मी त्याला ‘काडी’ म्हणत असे. काडी, सबक सुना. सगळी मुले हसत, तोही हसे. मला त्यात माया दिसत होती. त्याच मक्तबमध्ये, त्याच चटईवर बसून मी मुलांना सूरह हुजुरात शिकवली आहे. तिच्या ११ व्या आयतीत एकमेकांची टर उडवण्यास आणि एकमेकांना वाईट नावांनी हाक मारण्यास स्पष्ट मनाई आहे, आणि पुरुषांचा उल्लेख झाल्यावर स्त्रियांचा उल्लेख वेगळा केला आहे. आयत मी मुलांकडून पाठ करून घेत होतो आणि चटईवरून उठलो की तीच मोडत होतो.

म्हणून या लेखात मोबाइलला दोष देण्याआधी आपल्या घरांचा हिशेब मांडणे मला भाग आहे. मोबाइलचा दोष मात्र लहान नाही, आणि तो कसा घडतो हे पालकांनी नीट समजून घेतले पाहिजे. ‘मोबाइल वाईट’ एवढे म्हणून मुलांना काहीच कळत नाही.

पहिली गोष्ट कॅमेऱ्याची. चेहरा न बदलणारा साधा कॅमेराही हातभर अंतरावरून खरे सांगत नाही. जवळची वस्तू मोठी आणि लांबची लहान दिसते. चेहऱ्यावर नाक सर्वांत पुढे असते. २०१८ साली अमेरिकेतील वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने मोजून दाखवले, की बारा इंचांवरून काढलेल्या सेल्फीत नाक सुमारे ३० टक्के अधिक रुंद भासते. पाच फुटांवरून काढलेल्या फोटोत हा फरक राहत नाही. म्हणजे ज्या नाकावरून आपली लेक रडते, ते नाक तिच्या चेहऱ्यावर नाहीच; ते जवळच्या अंतराने तयार केले आहे. तिच्यासमोर स्वतः पाच फूट दूर उभे राहून एक फोटो काढा आणि दोन्ही शेजारी ठेवून दाखवा. या विषयावरील माझ्या तीन बयानांपेक्षा त्याचा उपयोग अधिक झालेला मी पाहिला आहे.

दुसरी गोष्ट निवडीची. नळदुर्गच्या किल्ल्यात पावसाळ्यात नर-मादी धबधबे वाहू लागले की आमच्या तालुक्यातली पोरे दुचाक्यांवरून तिकडे धावतात. एकेक जण पन्नास फोटो काढतो, एकोणपन्नास पुसतो आणि उरलेल्या एकावर रंग चढवून तो जगाला दाखवतो. पाहणारा घरी अंथरुणावर पडून स्वतःच्या पन्नासही फोटोंची तुलना दुसऱ्याच्या त्या एका फोटोशी करतो. त्यात भर अशी, की ज्या चित्रावर आपला अंगठा क्षणभर थबकतो त्याच प्रकारची चित्रे पुढे अधिक दाखवावीत, अशी या यंत्रणेची रचना आहे. गोरेपणाच्या उपायावर एखादी मुलगी दोनदा थांबली, की आठवडाभर तिच्यासमोर गोरेपणच येत राहते. तिला वाटते, सगळे जग याचाच विचार करीत आहे.

कंपन्यांना हे माहीत नाही असे नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने फेसबुकची अंतर्गत कागदपत्रे प्रसिद्ध केली, कंपनीतील माजी कर्मचारी फ्रान्सिस हॉगन यांनी ती बाहेर आणली होती. ज्या किशोरवयीन मुलींना आपल्या शरीराविषयी वाईट वाटत होते त्यांपैकी ३२ टक्के मुलींनी, इन्स्टाग्राममुळे ते अधिकच वाटू लागले, असे कंपनीच्याच संशोधकांना सांगितले होते. इतर बऱ्याच बाबतींत मुलींनी फायदा झाल्याचेही सांगितले आहे, असे कंपनीचे म्हणणे आहे. तेही खरे मानू. पण तिघींपैकी एकीला ज्या विहिरीचे पाणी बाधते, त्या विहिरीवर आपण लेकीला एकटी पाठवत नाही.

आणि हा रोग इन्स्टाग्रामपेक्षा जुना आहे. फिजी बेटांवर पूर्वी अंगाने भरलेली स्त्री सुखी घरची मानली जाई. जेवायला आग्रह करणे हा तिथला शिष्टाचार. आपल्या मराठवाड्यातल्या आजींना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. १९९५ साली तिथल्या एका भागात टीव्ही पोहोचला. अॅन बेकर या अमेरिकी संशोधक महिलेने तेव्हा आणि पुन्हा १९९८ मध्ये शाळकरी मुलींची पाहणी केली. वजन घटवण्यासाठी जेवण उलटून टाकणारी मुलगी पहिल्या पाहणीत एकही नव्हती. तीन वर्षांनी अशा मुलींचे प्रमाण ११ टक्क्यांवर गेले होते. तेव्हा मोबाइल नव्हता, ‘लाइक’ नव्हते. घराच्या कोपऱ्यात फक्त एक पडदा आला होता.

आता घराचा हिशेब. मूल जन्मल्यावर पहिल्या तासात आपण कानात अजान देतो आणि त्याच तासात रंग कोणावर गेला याची चर्चा करतो. मुलगी सावळी असेल तर चर्चा दबक्या आवाजात होते, आणि तोच दबका आवाज ती जन्मभर ऐकते. स्थळांच्या माहितीपत्रकात शिक्षण, दीन, स्वभाव या रकान्यांआधी वर्ण आणि उंची लिहिलेली असते. नमाजी मुलगी पाहिजे, असे सांगणारे पालक दुसऱ्याच वाक्यात ‘उजळ’ म्हणतात. मशिदीचा इमाम म्हणून स्थळे जुळवण्याच्या कामात मला ओढले जाते, त्यामुळे हे मी ऐकीव सांगत नाही. गोरेपणाचे प्रसिद्ध क्रीम आपल्या देशात १९७५ साली आले. त्याच्या नावातील ‘फेअर’ हा शब्द २०२० साली काढला गेला. आपल्या माहितीपत्रकांतून तो अजून निघालेला नाही.

याची किंमत कधी कधी शरीराला मोजावी लागते. २०२३ साली अकोल्यातील एका कुटुंबाची बातमी वृत्तपत्रांत आली होती. घरातील तिघींनी सौंदर्यप्रसाधन करणाऱ्या स्थानिक व्यक्तीकडून घेतलेले गोरेपणाचे क्रीम वापरले आणि तिघींनाही मूत्रपिंडाचा विकार जडला. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात शोध घेतला गेला तेव्हा क्रीममधील पारा हे कारण पुढे आले. पारा त्वचेतील रंगद्रव्य तयार होण्याची क्रिया रोखतो, म्हणून चेहरा काही दिवस उजळ दिसतो. तो त्वचेतून रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडाची गाळणी खराब करतो. मिनामाता आंतरराष्ट्रीय करारानुसार प्रसाधनांत दहा लाखांत एका भागाहून अधिक पारा असलेला माल २०२० नंतर बनवण्यास, आयात वा निर्यात करण्यास बंदी आहे. तरीही ज्या डबीवर घटक लिहिलेले नाहीत, ती डबी मोबाइलवरील एका हसऱ्या चेहऱ्याच्या शब्दावर घरपोच येते. बहिणींनो, अशी डबी घरात असेल तर ती आजच बाजूला ठेवा आणि लघवीला फेस येत असेल किंवा पायांवर सूज असेल तर डॉक्टरांना डबीसह भेटा.

माझ्या त्या विद्यार्थ्यालाही त्याच्या वडिलांनी सोलापूरला डॉक्टरांकडे नेले. रक्त तपासणीत यकृतावर परिणाम दिसला. ती इंजेक्शने पुरुषी संप्रेरकाची असतात. बाहेरून मिळू लागले की शरीर ते स्वतः बनवणे थांबवते, पुढे अपत्य होण्यातही अडचण येऊ शकते. तो हे डॉक्टरांकडून प्रथमच ऐकत होता. ज्या पडद्याने त्याला दंड दाखवले त्याने हे दाखवले नव्हते.

शरीअतची भूमिका येथे समजून घेऊ, कारण या विषयात आपण दोन टोकांना जातो. एक टोक असे, की नीटनेटके दिसण्याची इच्छाच पाप. हे बरोबर नाही. चांगले कपडे, चांगली पादत्राणे आवडणे हा अहंकार आहे का, असे विचारले गेले तेव्हा प्रेषितांनी (स.) सांगितले, की अल्लाह सुंदर आहे आणि सौंदर्य त्याला आवडते; अहंकार म्हणजे सत्य नाकारणे आणि लोकांना तुच्छ लेखणे (मुस्लिम). विस्कटलेल्या केसांच्या माणसाला पाहून, याला केस नीट करायला काही मिळत नाही का, अशी विचारणा त्यांनी केल्याची हदीस अबू दाऊदमध्ये आहे. सशक्त श्रद्धावंत दुर्बल श्रद्धावंतापेक्षा अल्लाहला अधिक प्रिय आहे आणि भलाई दोघांतही आहे, असेही त्यांनी सांगितले. तेव्हा तरुणांनी व्यायाम जरूर करावा. उपचार तर निःसंशय वैध आहे. हजरत अरफजा (रजि.) यांचे नाक इस्लामपूर्व काळातील कुलाबच्या लढाईत कापले गेले होते. चांदीचे नाक बसवले तर त्याला दुर्गंधी येऊ लागली, तेव्हा प्रेषितांनी त्यांना सोन्याचे नाक बसवण्यास सांगितले. पुरुषांना सोने निषिद्ध असताना ही मुभा दिली गेली. भाजलेली त्वचा, दुभंगलेला ओठ, मुरमे, ग्रंथींच्या विकाराने येणारे केस, यांवर इलाज करणाऱ्या मुलीला कोणी दीनच्या नावाने टोकू नये. स्त्रीच्या चेहऱ्यावर दाढीमिशीसारखे केस आले तर ते काढण्यास हनफी फुकहांनी हरकत मानलेली नाही. पण ते काढलेच पाहिजेत, असा तगादा लावण्याचा अधिकार शेजाऱ्याला नाही. एप्रिल २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात दहावीच्या परीक्षेत राज्यात पहिल्या आलेल्या मुलीच्या गुणांपेक्षा तिच्या ओठांवरील केसांची चर्चा देशभर अधिक झाली. टिंगल करणाऱ्यांत आपली नावेही होती, हे मान्य करू.

दुसरे टोक असे, की चेहरा माझा, मी वाटेल ते करीन. सैतानाने अल्लाहची निर्मिती बदलायला लावण्याची जी प्रतिज्ञा केली ती सूरह निसाच्या ११९ व्या आयतीत आहे, आणि केवळ सुंदर दिसण्यासाठी दातांत फटी पाडणे, परक्या केसांची जोड लावणे यांवर हदीसमध्ये कठोर शब्द आले आहेत. फिल्टर हा शरीरात केलेला बदल नाही, तेव्हा त्याला तोच निर्णय लावू नये, असे मला वाटते. पण तो फोटो स्थळ म्हणून पाठवला तर प्रश्न वेगळा होतो. प्रेषित (स.) एकदा मदिनेच्या बाजारात धान्याच्या राशीत हात घालून पाहतात, आत ओल लागते. विक्रेता म्हणतो, पाऊस पडला होता. मग ओले धान्य वर का ठेवले नाहीस, लोकांना दिसले असते, असे विचारून प्रेषितांनी बजावले, की जो फसवतो तो आमच्यापैकी नाही (मुस्लिम). सोयाबीन घेऊन बाजार समितीत उभा राहिलेला आमच्याकडचा कोणताही शेतकरी ही हदीस एका दमात समजतो; तिथे ओल यंत्राने मोजतात आणि भाव पाडतात. लग्नाच्या बाबतीत प्रेषितांनी समक्ष एकमेकांना पाहून घेण्याची सूचना केली आहे, त्यातून ममता वाढते असे सांगून. ती सूचना आपण मागे टाकली आणि वरून वाळलेले, आतून ओले फोटो गावोगाव फिरवू लागलो. ज्या मुलीचा असा फोटो पसंत होतो ती लग्नाच्या दिवशी कशा अवस्थेत बोहल्यावर बसत असेल, याचा विचार करा.

दीनदार घरांना वाटेल, की आमच्या मुली हिजाबमध्ये आहेत, हा प्रश्न आमचा नाही. हिजाब कसा बांधावा हे दाखवणाऱ्या चित्रफितींत चेहऱ्यांची हीच स्पर्धा चालते. कापड तेवढे बदलते. आम्ही दाढीवालेही सुटलेलो नाही. माझ्या जुम्याच्या बयानाची फीत कोणीतरी टाकते. ती किती जणांनी पाहिली हे इशाच्या आधी मी तीन वेळा पाहिल्याचे मला आठवते. आकडा कमी असला की बयानच फिके वाटू लागते. अल्लाहसाठी केलेल्या कामाचे माप मी मोबाइलकडून घेत होतो.

पुरुषांशी आणखी एक गोष्ट बोलली पाहिजे. नजर झुकवण्याचा आदेश सूरह नूरमध्ये आधी पुरुषांना आहे, ३० व्या आयतीत. स्त्रियांना तो त्यानंतर ३१ व्या आयतीत आला आहे. रात्री अंथरुणात परक्या स्त्रियांची नाचगाणी बघत अंगठा फिरवणारा नवरा सकाळी बायकोला म्हणतो, की तू फार सुटलीस. लेकीचा मोबाइल काढून घेणारा बापही हाच असतो. त्या घरात मुलीला आपल्या देहाची लाज कोणी शिकवली, हे मोबाइलची तपासणी करून सापडणार नाही.

हजरत आयेशा (रजि.) यांनी एकदा प्रेषितांजवळ हजरत सफिय्या (रजि.) यांच्या ठेंगणेपणाचा उल्लेख केला. प्रेषित (स.) म्हणाले, की तू असा शब्द उच्चारलास, की तो समुद्राच्या पाण्यात मिसळला तर ते पाणीही नासेल (अबू दाऊद, तिर्मिजी). पतिपत्नींच्या खाजगी बोलण्यातला, दुसऱ्या कोणाच्या कानी न पडलेला तो एक शब्द होता. आपण फोटोखाली बोटाने टाइप करून सोडून देतो ते शब्द कोणत्या समुद्रात जातात?

अशा दुखावलेल्या मनाला मग काय सांगायचे? आजकाल सर्वत्र एक उत्तर दिले जाते : तू जशी आहेस तशी सुंदर आहेस. हेतू चांगला आहे. पण मुलीला आरसा दिसतो, तिला हे खोटे वाटते. आणि खरे वाटले तरी तराजू तोच राहतो. सुंदर असलीस तरच तुझे मोल, एवढे त्यात गृहीतच असते. प्रेषितांची पद्धत निराळी आहे. हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) मिसवाकसाठी झाडावर चढले होते. त्यांच्या पोटऱ्या अगदी बारीक होत्या, वाऱ्याने ते डोलू लागले तेव्हा सहाबा हसले. प्रेषितांनी (स.) हसण्याचे कारण विचारले आणि शपथेवर सांगितले, की या पोटऱ्या मीजानमध्ये, कयामतच्या तराजूत, उहुद पर्वतापेक्षा जड आहेत (मुस्नद अहमद). पोटऱ्या बारीक नाहीत, असे ते म्हणाले नाहीत. जाहिर (रजि.) यांनाही, तू देखणा आहेस, असे म्हणाले नाहीत. दोन्ही ठिकाणी त्यांनी वस्तुस्थिती जशी आहे तशी राहू दिली आणि तराजू बदलला. अल्लाह तुमची रूपे आणि संपत्ती पाहत नाही, अंतःकरणे आणि कृती पाहतो, ही मुस्लिममधील हदीस आपण भिंतीवर लावतो. ती या दोन प्रसंगांशेजारी ठेवून वाचली की कळते.

आणि जाहिर (रजि.) यांच्या प्रसंगात नुसते शब्द नाहीत. शब्दांआधी मिठी आहे, आणि तीही भर बाजारात, जिथे हा माणूस स्वतःला न खपणारा समजत होता तिथेच.

बुखारीच्या हदीसमध्ये एक सूचना आहे, की संपत्ती आणि देहरचना यांत आपल्याहून वरचढ असलेल्याकडे नजर गेली, तर आपल्यापेक्षा कमी मिळालेल्याकडेही पाहावे. देहरचनेचा उल्लेख तिथे स्वतंत्रपणे आहे, हे आपल्या बयानांत बहुधा सुटते. मात्र कोणाच्या उणिवेकडे पाहून बरे वाटून घेणे हा तिचा अर्थ नाही; अल्लाहची देणगी आपल्या नजरेत क्षुद्र ठरू नये, हे कारण मुस्लिममधील निवेदनात दिले आहे. ज्या गुडघ्यांवर आपण सजदा करतो त्या गुडघ्यांची आठवण दुखू लागल्यावरच येऊ नये, इतका साधा तो अर्थ आहे. आरशात पाहताना, जसे रूप चांगले केलेस तसे चारित्र्यही चांगले कर, अशी दुआ अनेक घरांत शिकवतात. आरशाचा उल्लेख असलेली निवेदने दुबळी आहेत, पण दुआ मुस्नद अहमदमध्ये आहे. मुलांना जरूर शिकवा.

मक्तबमध्ये मी जे केले ते थोडे आहे. हजेरीच्या वहीतील प्रत्येक नाव मी पूर्ण उच्चारतो. मी चुकलो तर कोणाही मुलाने मला थांबवावे, असे सांगितले आहे आणि दोनदा मला थांबवले गेले आहे. त्या तरुणाची माफी मी त्याच्या घरी जाऊन, त्याच्या आईवडिलांसमोर मागितली, कारण टोपणनाव त्यांनीही उचलले होते. तो म्हणाला, जाऊ द्या हाफिजसाब. त्याने मनापासून माफ केले की नाही, हे मी विचारले नाही.

इंजेक्शने बंद आहेत. खाते अजून चालू आहे. ते बंद कर, असे मी म्हटले नाही. मागच्या जुम्याआधी त्याने एक फोटो टाकला, दंड जसे आहेत तसे ठेवून. खाली कोणीतरी हसण्याची दोन चिन्हे टाकली होती. ती त्याने मला दाखवली, पुसली नाहीत. अजानला वेळ होता. तो उठून मशिदीच्या नळाकडे गेला आणि बाह्या वर सारू लागला.